उशिराची कबुली

ड्युसेलडॉर्फ, मंगळवार, १८ नोव्हेंबर

निखिलराव तुरुंगात जाणार. सोन्यासारखा जावई माझा. आज वरच्या कोर्टात मी मागच्या बाकावर बसून ऐकलं.

निखिलरावांच्या गाडीची एका सायकलवाल्याला धडक बसली, बिचाऱ्याचा पाय गेला. हे घाबरून तिथे न थांबता घरी आले, पण लगेच पोलिसांकडे निघाले होते. बूट पायात होते. दारात मीच अडवलं. म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा." तीन आठवडे बसले. मग एका दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण निघालं, पोलीस आले, आणि यांनी सगळं कबूल केलं.

त्या कबुलीसाठी खालच्या कोर्टाने शिक्षा कमी केली, बेव्हेरुंग दिली, म्हणजे तुरुंगाबाहेर राहायची सवलत. सरकारी वकीलबाई अपिलात गेल्या. हाताच्या काकणाला आरसा कशाला? चित्रण समोर आल्यावरच्या कबुलीला किंमत ती काय, असं त्यांचं म्हणणं.

न्यायाधीशांनी विचारलं, "तीन आठवडे का थांबलात?"

उठून सांगावं का? मला ते पायातले बूटच दिसत होते. उठलो नाही. निखिलराव म्हणाले, "भीती वाटली. चूक माझीच." मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. शिक्षा वाढली, सवलत गेली.

बाहेर आल्यावर मृणाल मला म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही घरीच होतात ना? मग त्याला पोलिसांत का नाही पाठवलंत?"

माझ्याआधी निखिलरावच बोलले, "अगं, बाबा झोपले होते."

मी मान हलवली. हो म्हणालो.