बाबांना सांगू नकोस

ता. ६ मार्च

ती. आजीस, दुरूनच पण वाकून नमस्कार. वि. वि.

शिंपीणकाकूंकडून नेहमीसारखं वाचून घे, बाबांना मात्र कळू देऊ नकोस. त्यांचा रक्ताचा कर्करोग पुन्हा वर आलाय. रिपोर्ट त्यांनीच मला पाठवला, पण त्यांना तो समजला नसावा.

शरीरातल्या पेशीला वेळ झाली की मरायची आज्ञा होते. या आजारातल्या पेशी त्या आज्ञेच्या वाटेत पहारेकरी उभा करतात. बाबांची गोळी त्या पहारेकऱ्याला हटवते. आता काही पेशींनी दुसराच पहारेकरी नेमलाय. प्रयोगशाळेत मी रोज हेच बघते, आणि बापाला मात्र छातीठोकपणे सांगून आले की ही गोळी पुरे, पाट्या रंगवायला पुन्हा रंगाचे डबे उघडा. त्यांनी गल्लीभर सांगितलं, लेकीनं बरं केलं. आता कोणत्या तोंडानं येऊ? सुट्टी मिळत नाही असं कळवलंय, ते खोटं आहे.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी ठकू

ता. १३ मार्च

चि. ठकूस, उदंड आशीर्वाद. कान हाताशी असता तर तोही धरला असता.

शिंपीण लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. मग तुझं पत्र वाचणार कोण? वाचलं तुझ्या बापानं. हेही तोच लिहितोय, तेव्हा जपून सांगते. 'बाबांना कळू देऊ नकोस' हेसुद्धा त्यानं मोठ्यानं वाचलं. मी पुरे म्हटलं, तर म्हणाला, अर्धी पाटी रंगवून सोडायची सवय नाही मला. सगळं झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाला, हिचं अक्षर सुधारलंय. पाट्या रंगवणाऱ्याला दुसरं काय दिसणार.

लाजेनं मला कुठे बघू कळेना. रिपोर्टचं त्याला आधीच माहीत होतं, डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं. तुला ओशाळं वाटेल म्हणून गप्प होता. दोघं शिकलेले, आणि मला अडाणी म्हणता.

त्या पेशींचं मला नवल नाही. वरून बोलावणं येऊन गेलं तरी मीही बसलेच आहे, आपलं घराणंच ऐकणारं नाही. पण गोळी हरली तर तू का तोंड लपवतेस? ती काय तुझ्या पोटची होती? आणि गल्लीत त्यानं मिरवलं ते लेकीला, गोळीला नव्हे. सोमवारी दुसरं औषध जोडतायत. लागू पडेल की नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत. सुट्टी मिळत नाही हे खोटं ना, मग मिळत असणार.

लोभ कमी करायला मला या वयात सवड नाही, आहे तसा चालवून घे.

तुझी आजी (अंगठा माझाच आहे)

ता. क. हे आईनं सांगितलेलं नाही. समोरच बसलीय, तिला वाटतंय मी पत्ता घालतोय. डॉक्टरांना हो म्हणून आलो, पण दवाखान्यात औषध देतात त्या खोलीत एकट्यानं बसायची मला भीती वाटते. पहिल्या वेळी तू शेजारी होतीस म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बापानं लेकीला असं लिहावं याची लाज वाटते, तरी लिहितो. औषधाचं काही सांगू नकोस. नुसती येऊन बस.