मधली भिंत आणि दशम्या

मंगळवार, संध्याकाळ

लंडनची लेक आम्हा दोघांना बिझनेस क्लासने बॉस्टनला लेकाकडे धाडतेय. विमान कंपनी तेवढी आम्ही निवडायची. ह्यांनी दुपारभर तीन कंपन्या ताडून पाहिल्या. एकीचा पलंग ऐसपैस, दुसरीचं जेवण भारी. माझं लक्ष मात्र दोन खुर्च्यांमधल्या भिंतीवर. त्या दोघींची पक्की, तिसरीची खाली सरकते.

"अहो, तिसरीच घ्या."

"तिचा पलंग सगळ्यात अरुंद आहे."

"असू दे. भिंतीआडून दशम्या कशा देऊ तुम्हाला?"

"बिझनेस क्लासमध्ये डबा? लोक हसतील!"

हसू देत. मी फार हट्ट करतेय का? करतेय बहुतेक.

आत्ता जेवताना हे स्वतःच हळूच म्हणाले, "तिसरी सांगितलीय लेकीला. लसणाची चटणी विसरू नकोस."