गुडघ्याची खुशाली

बारामती, गुरुवार

प्रिय ताई,

मी बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. रविवारी आमची मॅरेथॉन. माझं अंतर एकवीस किलोमीटर. या आठवड्यात फार पळायचं नसतं, तरी थकवा काही जात नाही.

सरावाला कोऱ्हाळ्याची विजयमाला सोबत असते. साडीवर बूट घालून पळते. काल कालव्याच्या रस्त्यावर मी मध्येच बसले, तर म्हणाली, "मॅडम, दमला व्हय? बसा, पर बूट काढू नगा. सुजल्याला पाय परत आत जायचा न्हाय!"

हो, गुडघा सुजलाय. थोडासाच. डॉक्टर म्हणाले, यंदा राहू द्या. पण पुढच्या वर्षी हे पाय एवढी तरी साथ देतील का गं?

कॉन्व्हेंटमध्ये रिलेची काठी माझ्या हातात देऊन तू ओरडायचीस, "मागे बघू नकोस!" हल्ली पळताना तेच आठवतं.

तुझं बीपी कसं आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना?

फोन केला असता तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी ऐकलंही असतं. म्हणून हे पत्र. तुला मिळेल तेव्हा माझं धावून झालेलं असेल. मग खुशाल रागाव.

तुझी दमलेली,
छकुली