क्रांतीच्या रायफलचा दस्ता

सांगली, ४ ऑगस्ट २०२४

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. तुम्ही करून दिलेला एअर रायफलचा लाकडी दस्ता मुठीपाशी तडकला. त्याआधी दोन महिने नेम भरकटत होता, जिल्ह्याच्या संघातून नाव गेलं. कोच म्हणतात, मी मूठ फार आवळते, त्यानेच तडकला. मलाही तसंच वाटतं. नवा दस्ता करावा की खेळच सोडावा, ठरत नाही.

इथल्या सुताराकडे अक्रोडाच्या दोन फळ्या आहेत. एकीवर सुंदर नक्षी, किंमत तिप्पट. दुसरी पोळपाटासारखी साधी. खरी मोलाची कोणती? फौजेत तुम्ही तीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्यात, तुम्हीच सांगा.

तुमची नात,
क्रांती

वडूज, ९ ऑगस्ट

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

खेळ सोडायचं नंतर बघू, आधी लाकूड बघ. फळी समोरून नाही, कडेने बघायची. ओलं फडकं फिरवलं की रेषा उठतात. मूठ येईल तिथे त्या मुठीच्या लांबीने सरळ धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या की तिथेच तडकणार. नक्षी म्हणजे वळलेल्या रेषा, म्हणून देखण्या फळीला भाव जास्त आणि भरवसा कमी. किती वर्षं वाळलीय तेही विचार. तडकलेल्या मुठीवरच्या रेषा कागदावर उतरवून पाठव.

तुझी आजी राहीबाई विचारते, पोरगी येळेवर जेवती का न्हाई. उत्तर तिलाच दे.

तुझा आजोबा,
नाथाजी

सांगली, १५ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

नक्षीच्या फळीच्या रेषा नेमक्या मुठीत आडव्या निघाल्या. साधीच्या सरळ, आणि ती सात वर्षं वाळलेली. सुतार आधी हसला, मग दुकानातली एकेक फळी ओली करत बसला.

कागद सोबत आहे. त्यावरही रेषा आडव्याच दिसतात. पण दस्ता तुम्ही केलेला, म्हणजे माझंच उतरवायला चुकलं असणार. आजीला सांगा, वेळेवर जेवते.

तुमची,
क्रांती

वडूज, २१ ऑगस्ट

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. कागद मी तीनदा बघितला. फौजेत असे देखणे दस्ते मी शेकड्यांनी परत पाठवले. पण तुझ्यासाठी शिसवी लाकूड कापताना आत सोनेरी लहर निघाली, आणि ती दिसावी म्हणून मी फळी फिरवून घेतली. रेषा आडव्या जाताहेत हे मला दिसत होतं. नातीच्या हातात शोभेल, एवढंच मनात होतं. याची मला लाज वाटते.

राहीबाईला सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपेग, पोरीच्या कोचला लिवा की. ते पत्र याच पाकिटात आहे, त्यांना दे. चीर आतून आधीच गेली असणार. दस्त्याची मूठ हलली की नेम हलतो. त्यात तुझा हात कुठेच नाही.

साधी फळी घे. दस्ता कुणाकडून करून घ्यायचा ते तू ठरव. माझ्याकडे आलीस तर आनंद होईल. नाही आलीस तरी मी कारण विचारणार नाही. राग धर हवा तर, पण सरावाला जात जा.

तुझा,
नाथाजी