धोंडूला घेऊनच एडनला

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी माझी बोट सुटते आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. समोरासमोर भांडता आलं असतं तर हा कागद काळा केला नसता. पण तुम्ही तुमचा शेवटचा शब्द आत्याजवळ ठेवलात आणि निघून गेलात. हे कुठलं वागणं, अण्णा? जन्मभर माझ्याशी वाद घालायला तुम्हाला चांगला खणखणीत घसा होता, आणि नेमका हा एक हुकूम दुसऱ्याच्या तोंडून?

आत्या सांगते, तुम्ही म्हणालात, "शालूला म्हणावं, धोंडूला इथेच कुणाला तरी देऊन टाक. एडनच्या उन्हात त्याला नेऊ नकोस. नव्या संसारात ते लोढणं कशाला?" तुमच्या या थोरल्या बहिणीनं मला हे इतक्यांदा ऐकवलंय, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवेन.

तर ऐका. धोंडू माझ्याबरोबर येतोय. त्याचं तिकीट काढलं, डॉक्टरचा दाखला घेतला, पिंजरा करून घेतला. आता तुम्ही तिथून कितीही ओरडा, किंवा चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे नुसते बघत राहा. पूर्वी मी त्या बघण्याला घाबरायची.

तुमच्या जावयांना एडनच्या बंदरातल्या कचेरीत नोकरी लागली, ती तुम्ही असतानाच. त्यांना बिऱ्हाडासाठी दोन खोल्या मिळायला वर्ष गेलं आणि तेवढ्यात तुम्ही गेलात. आता आपल्या मुलुंडच्या घरात आत्या आणि तिचा मधू राहणार. घर त्यांना, भांडी त्यांना, विहिरीचा रहाट त्यांना. मी कशालाच नाही म्हटलं नाही. फक्त कुत्रा माझा, एवढंच म्हटलं, आणि बघा केवढं रामायण झालं!

आठवतं, तो आपल्याकडे कसा आला? स्वातंत्र्य मिळालं त्या साली भांडुपच्या बंगल्यातला गोरा साहेब सामान आवरून विलायतेला गेला. कपाटं विकली, पियानो विकला, आणि कुत्रा फाटकाला बांधून ठेवला. कुणीतरी सोडेल म्हणे! तुम्ही ड्यूटीवरून येताना ते पाहिलंत आणि हाडांचा तो सापळा खांद्यावर टाकून घरी आणलात. लांब कान, मेंढीसारखे केस, आणि त्या केसांत किडे. तुमची ती नवी पांढरी टोपी पार गेली.

तो जगणार नाही असंच सगळे म्हणत होते. म्हणून तुम्ही त्याचं नाव धोंडू ठेवलंत. मुलं जगत नसली की ठेवतात ना, तसं. त्याच्या पट्ट्यावर साहेबानं कोरलेलं कसलंसं इंग्रजी नाव होतं, तो पट्टा तुम्ही विहिरीत फेकलात. "आता तो आपला धोंडू. बघू कोण नेतो!" समोरचे धोंडोपंत मात्र वर्षभर आपल्याशी बोलले नाहीत. तुम्ही मुद्दाम त्यांच्या दारासमोरच हाक मारायचात, हे मला ठाऊक आहे. नाही म्हणू नका!

आणि त्या साहेबाला माघारी तुम्ही काय काय बोलला होतात! "देश सोडायचा तर खुशाल सोड. पण ज्याला तुझ्याशिवाय कुणी नाही, त्याला फाटकाला बांधतोस?" मी तेव्हा परकरी पोर होते. जिन्यात बसून ऐकत होते. अण्णा, आता मीही देश सोडतेय. मग माझ्यासाठी वेगळा न्याय कसा?

तुमच्या भाच्यानं तर फाटकसुद्धा शोधून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात मधू आला आणि मोठ्या उत्साहानं म्हणाला, "शालू, काम झालं बघ. विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर राखणीला कुत्रा पायजे. दोन टाइम खायला देतील. झकास सोय!"

"राखणीला? त्याला धड दिसत नाही रे मधू."

"भुंकतो ना? बस झालं."

"आणि बांधून ठेवणार?"

"मग काय खुर्चीत बसवतील? वेड लागलंय का गं तुला? लोक आईबापाला इथे ठेवून परदेशी जातात, आणि तू कुत्रं घेऊन चाललीस!"

मी म्हटलं, "माझ्याकडे न्यायला आईबाप उरलेले नाहीत."  

पण आत्याचा आणि मधूचा खरा राग दहाव्याचा आहे. त्या दिवशी काय झालं हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. दहाव्याला बायका जात नाहीत. मी गेले. मुलगा नाही म्हणून क्रिया मधूनं केली, ठीक आहे, पण मुलगी होती ना? खाडीकाठी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. समोरच्या बाभळीवर कावळे ओळीनं बसले होते, एक खाली उतरेल तर शपथ.

मग तुमची काय इच्छा राहिली याचा शोध सुरू झाला. मधू हात जोडून म्हणाला, "मामा, आईला अंतर देणार नाही." कावळा हलेना. "मामा, घरावरची कौलं नवी घालीन." नाहीच. शेवटी त्यानं माझ्याकडे तिरकं बघितलं आणि म्हणाला, "मामा, कुत्र्याची सोय मी लावतो. शालू मोकळी जाईल. काळजी करू नका." अण्णा, हे ऐकल्यावर बसले होते तेही कावळे उडाले! मला हसू आलं. बापाच्या दहाव्याला हसले म्हणून भटजींनी डोळे वटारले.

भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायला निघाले, आणि तेवढ्यात धोंडू आला. दाराला कडी मी स्वतः लावली होती, तो कसा निसटला देव जाणे. कुणाकडे न बघता तो सरळ पिंडापाशी गेला, हुंगला आणि खाऊन मोकळा झाला.

"बाटला! बाटला पिंड!" भटजी ओरडले. मधूनं दगड उचलला. मी त्याचा हात धरला. सगळ्यांदेखत धरला आणि दगड खाली पडेपर्यंत सोडला नाही. मग दुसरा पिंड केला, दर्भाचा कावळा शिववला आणि घाईघाईनं घरी आलो. आत्यानं ऐकल्याबरोबर कपाळावर हात मारून घेतला. "माझा भाऊ उपाशी गेला गं! त्या मेल्यानं त्याचा घास खाल्ला!" तेव्हापासून धोंडू तिच्या लेखी घरातली पीडा झाला.

खरं सांगा, उपाशी गेलात? पानातला शेवटचा दहीभात त्याला घातल्याशिवाय तुम्ही कधी हात धुतलात? आईच्या श्राद्धाला कुत्र्याचा घास तुम्हीच वेगळा काढून ठेवायचात, तो मग कशासाठी? मी भटजींना हेच विचारलं. ते म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं."  माझ्यापुरतं ठरलं आहे. कावळ्यांना तुमची ओळख नव्हती. ज्याला होती तो येऊन जेवून गेला.

आता बोटीची गंमत ऐका, तुम्ही असतात तर पोट धरून हसला असता. बोटीच्या कचेरीत मी विचारलं, कुत्रा कुठे ठेवणार? कारकून मान वर न करता म्हणाला, "वरच्या डेकवर पिंजऱ्यात. खाटकाच्या ताब्यात."

"खाटकाच्या?"

"बोटीवरचा खाटीकच कुत्र्यांना खायला घालतो, फिरवतो. पद्धत आहे बाई तशी."

आत्या माझ्याबरोबर होती. "अगंबाई! आपल्या घरातलं जनावर खाटकाच्या हाती?" असं म्हणत ती तिथल्या बाकावर बसलीच. जन्मभर दहीभात खाल्लेला धोंडू चार दिवस खाटकाचा पाहुणा होणार! तो एडनला उतरायला तरी तयार होईल का, याचीच मला काळजी आहे. कारकुनानं पुढे बजावलं, की प्रवाशांनी सारखं वरच्या डेकवर जायचं नाही. तुम्ही रेल्वेत मालाच्या कचेरीत जन्म घालवलात, तेव्हा असल्या माणसांशी कसं बोलायचं ते मला येतं. मी म्हटलं, "जिवंत माल आहे. मालकानं पाणी पाजायला यायचं नाही, असं कुठे छापलंय ते दाखवा." त्यानं पावतीवर शिक्का मारून दिला.

राहता राहिलं ऊन. तुमचं म्हणणं तेवढंच खरं होतं, म्हणून त्याचं नीट उत्तर देते. मी मुद्दाम थंडीतली बोट घेतली आहे, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत त्याला तिथल्या हवेची सवय होईल. जनावरांच्या डॉक्टरनी सांगितलं, केस पार तासू नका, केसांनीच उन्हापासून बचाव होतो. नुसता गुंता काढा, पोटाखालचे कमी करा. आपला न्हावी म्हणाला, "बाई, माझी कात्री माणसांची हाय." मग शिवणाच्या कात्रीनं मीच कापले. ध्यान दिसतंय, पण वारा लागतो. तिथले दगड दुपारी तव्यासारखे तापतात म्हणे, तर उजाडायच्या आत फिरवून आणीन. माठाखालच्या ओल्या वाळूत तो वैशाखभर पडून असायचा ना? माठ बरोबर घेतला आहे. वाळू तिथे हवी तेवढी आहे.

पाणी मात्र नाही. तुमच्या जावयांनी लिहिलं, "इथे पाणी मोजून येतं. कुत्रा आणू नकोस, वडीलधाऱ्यांचं ऐक." मी उलट टपाली कळवलं, की त्याला माझ्या वाट्यातलं देईन, आणि तो येणार नसेल तर मीही येत नाही. हो, असं लिहिलं! नवऱ्याला! आत्याला कळलं असतं तर ती पुन्हा बाकावर बसली असती. पंधरवडाभर उत्तर नाही. रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायचे, कबूल करते. मग पत्र आलं. त्यात रागाचा शब्द नाही, आणि शेवटी एवढंच, की मागच्या दाराला वाळ्याचे पडदे लावलेत, तिथे सावली चांगली असते. माणूस बरा निवडलात तुम्ही.

आता खरं भांडण. उन्हाचं नव्हे, लोढण्याचं.

गौरीच्या सणाला मी बोरिवलीला सासरी गेले आणि इकडे तुमचं दुखणं उलटलं. आत्या मला निरोप धाडणार होती. तुम्ही धाडू दिला नाहीत. "सणासुदीची पोरगी सासरी गेलीये, तिला त्रास नको. बोलावू नका." हे मला आत्यानंच रडत सांगितलं. मुलुंड ते बोरिवली असं काय सातासमुद्रापलीकडे होतं, अण्णा? मी पायी आले असते! मी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात आणलं होतं. आत धोंडू तुमच्या खाटेखाली होता, तो बाहेर येईना. रात्रभर तोच होता तुमच्याजवळ. आत्याचा डोळा लागला तेव्हाही तो जागा होता.

का केलंत असं? आई गेली तेव्हा तुम्ही मला मावशीकडे पाठवून दिलंत. पोरीनं बघू नये म्हणून. तुमची नोकरी सुटायची वेळ आली होती तेव्हाही मला कळू दिलं नाहीत. आणि जाताना पुन्हा तेच! मला कशाचा भार होईल हे दर वेळी तुम्हीच ठरवलंत आणि मला बाजूला काढलंत. मला कुणी विचारलं? तुम्ही मला जपत होतात, कळतं मला. पण त्या जपण्यात माझा बाप मला शेवटचा दिसला नाही. याचा मला राग आहे, अण्णा. अजून आहे. एडनला गेल्यावरही राहील.

म्हणून तुमचं हे शेवटचं जपणं मी घेत नाही. परत करते.

धोंडू म्हातारा झालाय. एडनला तो किती दिवस काढेल, मला माहीत नाही. दोन उन्हाळे काढेल, कदाचित एकही नाही. मधू म्हणतो, "मरायलाच नेतेस ना त्याला?" असेल तसं. इथे राहिला तरी तो काही अमर होणार नाही.

पण एक वचन देते, आणि हे मात्र मोडणार नाही. ज्या दिवशी त्याला उठता येणार नाही, त्या दिवशी सण असो, पाहुणे असोत, बाहेर आग पाखडणारं ऊन असो, मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलेली असेन. मला बोलवायला कुणाला पाठवायची गरज पडणार नाही.

तुमची हट्टी,
शालू