लोहारणीच्या दारातलं तुटलेलं सूत

ता. ३

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुरांच्या दवाखान्यातलं औषध पोचलं, पण शेळ्यांच्या घशाची सूज उतरत नाही. म्हणून परवा गावाभोवती सूत फिरवलं. घरोघरी कापूस वाटून, बायांनी कातलेलं सूत थोरल्या काकूंनी जोडलं. रोग आत येऊ नये म्हणून. हसायचं तर हस. पण सकाळी ते तुटलेलं सापडलं, तेही नेमकं नव्या लोहाराच्या दारात! काकू म्हणतात, लोहारणीनंच कापलं. मलाही तिचं लक्षण ठीक दिसत नाही; काल मला बघून तिनं दार लावून घेतलं. येत्या बैठकीत त्यांना गाव सोडायला सांगणार आहेत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे ती वाढव.
अक्का

ता. ६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हसलो नाही, दचकलो. सुतानं रोग अडतो का, यावर आपण भांडून दमलोय. ते राहू दे. आजारी शेळ्या तेवढ्या वेगळ्या बांध. पण अक्का, तू विणकरीण. टोकं स्वतः पाहिलीस, की काकूंच्या डोळ्यांनी? आणि त्या सुतात लोहारणीनं कातलेलं कुठलं होतं, तेही विचार. रागावशील, पण लोभ कमी करू नकोस.
धाकटा

ता. १०

चि. धाकट्यास अ. आ.

रागावले होतेच. तरी गेले. टोकं पिंजलेली, पीळ उसवलेला. कापलेलं सूत असं दिसत नाही. ते ताणून तुटलं होतं. काकूंना खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, उपऱ्यांकडे कापूस कशाला पाठवायचा? त्यांच्या दारापुढचं अंतर शेजारच्याच सुतानं ओढून भरलं होतं.

बैठकीत ती टोकं सगळ्यांपुढं धरून मी हे सांगितलं. निघून जा असं मग कुणी म्हणालं नाही. आपलं चुकलं असंही कुणी म्हणालं नाही. काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

मग कापूस घेऊन मीच लोहारणीकडे गेले. तिनं तो उलटापालटा केला, हुंगला आणि विचारलं, यात काय घातलंय? तिच्यासमोर बसून आधी मी कातलं. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली, मग कुठं तिनं सूत कातायची चाती हातात घेतली.

काल सूत पुन्हा जोडलं. आपली पांढरी शेळी गेली, बाकीच्या खायला लागल्यात. इकडची काळजी करू नकोस, आठवण तेवढी ठेव. जोडताना मी टोक धरायला पुढं झाले, पण गाठ लोहारणीनं एकटीनंच मारली. मला हात लावू दिला नाही.
अक्का