एका बॅटरीवरून

२ डिसेंबर
मल्लूचा पुण्याहून फोन. श्रद्धाला, म्हणजे त्याच्या लेकीला, लग्नाच्या दिवशी आजोबांच्या ट्रकमधून कार्यालयात उतरायचंय. झेंडूच्या माळा, फेटे, ड्रोन, सगळं ठरलंय त्यांचं. "अक्का, स्टीरिओ मी पाठवतो, टचस्क्रीनचा. तू फक्त बसवून घे."
'फक्त' हा माझ्या भावाचा आवडता शब्द. आप्पांना फक्त गोळ्या द्यायच्या. त्यांच्यावर फक्त लक्ष ठेवायचं. अकरा वर्षं झाली या फक्तला.

३ डिसेंबर
आप्पांना सांगितलं. आधी, कुणाचं लग्न? मग, मल्लूची पोरगी एवढी कधी झाली? मग स्टीरिओचं ऐकून एकदम जागे. "ब्याडा, नको. गाडी काय म्हणती ते कानाला आलं पायजे."
चाळीस वर्षं चादरींचे गठ्ठे घेऊन हैदराबादला गेले, केबिनमध्ये कधी साधा रेडिओ नाही. बाकीच्यांच्या गाड्या गात जायच्या, आमची लांब नाकाची मुकी. पण बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी त्यांना कळायचं.
आता आपला चहा झाला की नाही ते कळत नाही. गाडीचं मात्र चुकत नाही. रोज सकाळी शेडमध्ये जायचं, दहा मिनिटं इंजिन चालू, मग बंद, मग सीटखालचा बॅटरीचा मोठा स्विच खाली. दोनदा हात लावून खात्री करायची.

५ डिसेंबर
मल्लूने फोनवर त्यांना पटवलं. सेल्फ आप्पांनीच मारायचा. गाडी चालू झाली की ते उतरणार, भाड्याचा ड्रायव्हर बसणार. तेवढ्यावर विरघळले. शेजारी, दूधवाला, पार्सल घेऊन आलेला माणूस, कुणालाच सोडलं नाही. "नातीच्या लग्नात सेल्फ मी मारणार हाय."
कुठल्या नातीचं ते विसरतात. सेल्फ विसरत नाहीत.

८ डिसेंबर
सलीमभाई आले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, विजापूर वेशीजवळ बसतात. बॉनेट उघडून बराच वेळ नुसते बघत राहिले, देवळात बघावं तसे. मग अडचण सांगितली. ट्रकला दोन बॅटऱ्या, जोडून चोवीस व्होल्ट. स्टीरिओ बारावर चालणारा. मधे कन्व्हर्टर लागतो, तो दोन दिवसांनी मिळेल. "नहीं तो बाजी, अब्बी एकीच बॅटरी से लेतूं. चार दिन चल जाता. पर बाद में बदलना पडता."
आप्पा मागेच उभे. "एका बॅटरीवरनं घेऊ नको. एकीचं रगत काढलं की दोगी बी मरत्यात." चार वेळा तेच वाक्य. सलीमभाई त्यांच्याकडे बघेनात, माझ्याकडे बघत होते. मला तीनपर्यंत पेपरला लेख पाठवायचा होता. म्हटलं, घ्या एकीवरनंच. आप्पांना म्हटलं, तुम्ही आत चला, ऊन लागेल.
गेले. मुकाट.

९ डिसेंबर
वाजतो चांगला. मान्य करायला हवं. वायर थेट बॅटरीवरून असल्यामुळे मोठा स्विच बंद असला तरी वाजतो. बरंच झालं, दरवेळी आप्पांना उठवायला नको.
दुपारी ते झोपल्यावर मी केबिनमध्ये जाऊन बसले. काचा वर. दोन तास. काय ऐकलं ते लिहीत नाही. रडले नाही, एवढं लिहून ठेवते.

१२ डिसेंबर
काल पण. आज पण. पुढचा लेख तसाच पडलाय.
या घरात माझी म्हणावी अशी एवढीच जागा सापडली, तीही चाकांवर.
सकाळी आप्पा म्हणाले, गाडी जड उठती. "काय तरी खातंय तिला." मी म्हटलं, थंडी पडलीय.

१४ डिसेंबर
घरभर पाहुणे. सकाळी इंजिन चालू करायचं राहिलं, आप्पांना शेडपर्यंत जाऊच दिलं नाही कुणी. गाडीत दिवसभर गाणी. मीच लावून दिली.

१५ डिसेंबर
लग्न झालं.
नाही लिहवत.

१६ डिसेंबर
लिहायला हवं.
गाडी झेंडूत बुडालेली. श्रद्धा शालू आवरत केबिनमध्ये बसली. आप्पा कडक इस्त्रीचं धोतर, नवा फेटा. बॉनेटवर तळवा ठेवला, नेहमीसारखा. मग स्विच वर. मग किल्ली.
टक्.
परत. टक्. सगळ्यांचे मोबाईल वर धरलेले. तिसऱ्यांदा टकही नाही. स्टीरिओचा पडदाही काळा.
ढकलून चालू झाली असती. पण ढकलणारे सगळे शेरवानीत. मल्लूने कार मागवली, श्रद्धाला उतरवून घेतलं. जाता जाता सगळ्यांसमोर म्हणाला, "आप्पा, स्विच बंद करायला विसरलात ना?"
रागाने नाही. लाडाने. लहान मुलाची चड्डी ओली झाल्यावर बोलतात तसं.
आप्पांनी स्विचकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताकडे. "आसंल की," म्हणाले.
कार्यालयात जेवले नाहीत. गाडीची किल्ली स्वतःहून मल्लूच्या खिशात घातली. मी शेजारीच होते, हातात अक्षतांचं ताट.

१८ डिसेंबर
मल्लू मंडळी पुण्याला परत. जाताना सांगून गेला, मंद्रूपच्या रस्त्यावर एक ढाबेवाला आहे, त्याला दारात शोभेला जुनी गाडी हवीय. "आप्पांना आता त्या गाडीचा ताप नको, अक्का."
संध्याकाळी सलीमभाई मीटर घेऊन आले. एक बॅटरी भरलेली. दुसरी, जिच्यावरून वायर घेतली होती ती, पार रिकामी. "स्विच खुला रहता तो दोनों उतरते, बाजी. बडे मियाँ का हाथ नहीं चुक्या."
मग मीटर पुसत बसले. मैं बोल्या था, असं म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

१९ डिसेंबर
मल्लूला फोन करून सगळं सांगितलं, दुपारचं केबिनमध्ये बसणंही. तो हसला. "जाऊ दे ना अक्का. आप्पा विसरले पण असतील."
लग्न विसरलेत, खरंय. फोटो दाखवला तर विचारतात, ही कोण? पण शेडकडे फिरकत नाहीत. जेवता जेवता घास हातात थांबतो. "माझ्या हातनं स्विच राहिला गं." कुठला, कधी, काही माहीत नाही. लाज तेवढी उरलीय.

२० डिसेंबर
हाताला धरून शेडमध्ये नेलं. वायर दाखवली. बॅटरीपासून स्टीरिओपर्यंत अंगठ्याने चाचपत गेले. चेहरा मी शाळेत असतानाच्या आप्पांचा.
"हे कुणी केलं?"
"मी करायला सांगितलं, आप्पा."
"आन् स्विच?"
"बंद होता. तुम्ही केला होता."
"मी सांगितलं हुतं का न्हाय तुला?"
"सांगितलं होतं."
"मग?"
दुपारी पोटभर जेवले. दोन भाकरी.

२१ डिसेंबर
सकाळचा चहा. "अक्का, माझ्या हातनं स्विच राहिला गं."
परत शेड. परत वायर. परत तो अंगठा. "हे कुणी केलं?"

२४ डिसेंबर
आज पाचवी वेळ. प्रश्न तेच, राग दरवेळी नवा. आज म्हणाले, "शिकलेली हैस की गं तू." माफ करण्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांची आठवण त्याआधीच संपते.
सलीमभाई वायर काढायला येतो म्हणाले. नको म्हटलं.
मल्लूचा फोन. ढाबेवाला गुरुवारी क्रेन घेऊन येतोय. म्हटलं, अजून थोडे दिवस राहू दे. "कशाला?" या कशालाचं उत्तर देत बसले तर तो पुन्हा हसेल.
गाडीबरोबर वायर जाणार. मग सकाळी चहाला त्यांना काय दाखवू? नुसत्या माझ्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा? त्यांच्या शब्दावर मी कुठे ठेवला होता.
गाडीची किल्ली मल्लूकडे. क्रेनला ती लागत नाही.
शेडच्या कुलपाची माझ्याकडे आहे.